गुजराती 'अे' आणि मराठी 'ए'

बडोद्याहून एका आईने विचारलंय : "मुलगी गुजराती माध्यमात पहिलीत आहे. घरी मी मराठी शिकवते, तर ती 'एक'च्या जागी 'अेक' लिहिते. ही खोड कशी मोडू?"

ताई, ही खोड नव्हेच. गुजराती लिपीत ए आणि ऐ यांना वेगळी आकृती नाही. 'अ'च्या डोक्यावर एक मात्रा दिली की ए, दोन दिल्या की ऐ. आ, ओ, औ तर आपणही 'अ'वरच उभे करतो. म्हणजे सगळा घोळ दोन अक्षरांचा. तेवढी मराठीच्या वहीत गिरवून घ्या. 'ॲप' लिहिताना आपण तरी काय करतो? 'अ'वर चंद्रच काढतो ना! सावरकरांनी तर याच वाटेने अि, अी, अु, अू, अे, अै अशी 'अ'ची बाराखडी सुचवली होती. आपण ती घेतली नाही. गुजरातीही तितकी पुढे गेलेली नाही. इ, ई, उ, ऊ तिथे अजून स्वतंत्रच आहेत.

मुलगी अडेल ती नावांपाशी. काना तिथे 'कानो' होतो, मात्रा ओळखीचीच; पण आपली गोड 'वेलांटी' शाळेत नाही, तिथे 'ह्रस्व इ' आणि 'दीर्घ ई'. त्यामुळे "पहिली वेलांटी दे" म्हटल्यावर ती तुमच्याकडे बघत राहिली, तर रागावू नका.

खरी गंमत उच्चारात आहे. गुजरातीत 'गोळ' म्हणजे वाटोळा आणि 'गोळ' म्हणजे गूळही. लिहायला दोन्ही सारखे, पण गुळातला ओ 'ऑ'सारखा पसरट. ए-चंही असंच, 'ॲ'कडे झुकणारा आणि न झुकणारा, मात्रा मात्र एकच. हे पाटीवर शिकवता येत नाही, कानानेच यायला हवं, आणि बडोद्याच्या गल्लीत खेळणाऱ्या पोरीला ते तुमच्याआधी येईल.

एक मात्र सांभाळा. आपला शेवटचा उकार दीर्घ : तू, लाडू. गुजरातीत तो बहुधा ह्रस्व : तुं, हुं, लाडु. तिच्या गुजराती गृहपाठातले हे उकार मराठी सवयीने दुरुस्त करायला जाऊ नका. बाईंची लाल रेघ तुमच्या दुरुस्तीवरच पडेल.