जर्मन पिल्सनर बिअर नेमकी कशी बनवतात? इतर लागरपेक्षा (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरपेक्षा) ती एवढी कडवट आणि कोरडी का लागते?

कडवटपणा हॉप्सचा (एका वेलीच्या कडू, सुगंधी फुलांचा), आणि यीस्टने जवळजवळ सगळी साखर फस्त केल्यामुळे कोरडेपणा. थोडक्यात उत्तर एवढंच. पण मी जर्मनीत राहतो, घरी बिअर करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा प्रकार जन्मला १८४२ साली बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) पिल्सनमध्ये. बनवणारा योझेफ ग्रोल मात्र जर्मनीतल्या बव्हेरियाचा. पिल्सनचं पाणी फार मऊ, क्षार अगदी कमी. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पाणी क्षारांचं आहे. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) अशा पाण्यात भिजवलं की मिश्रणाचा पीएच वर राहतो, म्हणजे आम्लता कमी पडते, आणि हॉप्सचा कडवटपणा घशाला ओरबाडतो. लॅक्टिक आम्लाचे चार थेंब टाकले की काम झालं असतं, पण बिअरमध्ये काय घालायचं हे ठरवणाऱ्या जर्मन शुद्धतेच्या नियमात ते बसत नाही. १५१६ च्या बव्हेरियन नियमात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच होतं. यीस्टचा उल्लेखही नव्हता. पण बार्लीच्या दाण्यावर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू मुळातच असतात. ओल्या माल्टवर त्यांना वाढू द्यायचं, ते आंबट झालं की वाळवायचं आणि नेहमीच्या माल्टमध्ये शेकडा दोन-तीन भाग मिसळायचं. आम्लही आलं, नियमही पाळला गेला. या बिअरमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

पुढे भरडलेलं माल्ट ६२ ते ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तापमानाला स्टार्चपासून यीस्टला पचेल अशी साखर बनते. तापमान बरंच वर गेलं तर न पचणारा भाग जास्त उरतो आणि बिअर जड होते. मग चोथा गाळून राहिलेला गोड रस तास-दीड तास खळखळ उकळायचा, तोही झाकण न ठेवता. फिकट माल्टमधून सुटणारं एक गंधकी द्रव्य वाफेबरोबर गेलं नाही, तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी घातलेले सुगंध. हालरटाऊ, टेटनांग, श्पाल्ट इथल्या जुन्या हॉप्सचा वास फुलांचा, किंचित मसालेदार असतो.

रस थंड करून त्यात लागर यीस्ट घालतात आणि तो ८ ते १० अंशांवर साधारण आठवडाभर आंबू देतात. थोडी साखर शिल्लक असतानाच टाकी बंद केली की तयार होणारा वायू बिअरमध्येच विरघळतो. मग शून्याच्या आसपास चार ते सहा आठवडे विश्रांती. पूर्वी यासाठी तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत भरत. १८७० च्या दशकात कार्ल लिंडेची शीतयंत्रं आली आणि ही बिअर बारा महिने बनू लागली. इथे घाई केली की लगेच कळतं, कारण दोष झाकायला या बिअरमध्ये ना भाजक्या माल्टची चव, ना फळांचा वास.

चाखायची असेल तर उत्तरेकडची येव्हर नावाची पिल्सनर घ्या, तिचा कडवटपणा ठसठशीत असतो. दक्षिणेकडच्या पिल्सनर त्या मानाने मऊ. बाटलीतून मात्र पिऊ नका. ग्लासात ओता, फेस बसू द्या, पुन्हा ओता. हॉप्सचा वास तेव्हाच नीट येतो.