वाचकांचे प्रश्न : अस्सल कोल्हापुरी ओळखायची कशी?

प्रश्न : 'शंभर टक्के चामडे' सांगून घेतलेली कोल्हापुरी पहिल्याच पावसात फुगली आणि तळ वहीच्या पानांसारखा सुटला. पट्टे मात्र चामड्याचेच आहेत. मग फसगत कुठे झाली? (ठाणे)

उत्तर : तळात. गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं ते वरून : वेणी, गोंडा, पट्ट्याचा रंग. नक्कल करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. त्यामुळे तो वरचा पट्टा खऱ्या चामड्याचा लावतो आणि तळात लेदरबोर्ड, म्हणजे चामड्याचा चुरा किंवा कागदाचा लगदा दाबून केलेला पुठ्ठा घालतो. पाणी लागलं की त्यातला डिंक सुटतो आणि थर उकलतात.

म्हणून जोडी आधी उलटी करा, मग कड पाहा. खऱ्या तळात जाड कातड्याचे, बहुधा म्हशीच्या, थर असतात. कडेला तंतू दिसतात आणि जाडी सगळीकडे अगदी सारखी नसते. पुठ्ठ्याची कड एकसारखी, दाणेदार दिसते. नखाने खरवडली तर भुगा निघतो. कडेवर रंगाचा जाड थर असेल तर कान, म्हणजे तळाच्या बाजूला शिवलेली चामड्याची पाळ, तळाला जिथे जोडलेला आहे तिथे बघा. तिथवर रंग नीट पोचत नाही.

टाचेला छोटं लोहचुंबक लावून पाहा. पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो. टाचेचे थरही शिवलेले असतात. चुंबक चिकटलं तर खिळा कशासाठी मारला ते विचारा. चपलेला नंतर रबर ठोकलेलं असेल तर ते कारण पटण्यासारखं आहे.

प्रश्न : हाताची शिवण आणि मशीनची शिवण यांतला फरक दुकानात उभ्या उभ्या कसा कळेल? (नाशिक)

उत्तर : हाताने शिवताना आरीने भोक पाडून त्यातून वादी, म्हणजे कातड्याची बारीक पट्टी, ओवतात. टाके चपटे दिसतात आणि दोन टाक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त असतं. मशीनच्या शिवणीत नायलॉनचा गोल, चकाकता दोरा असतो आणि अंतर मोजून घेतल्यासारखं. खरी मेख पुढेच आहे : वरचा टाका खाली उतरला आहे का? नकली जोडीत पुष्कळदा वरची शिवण निव्वळ शोभेची असते आणि तळ सोल्युशनने चिकटवलेला असतो. खाली रबरी सोल असेल तर शिवण झाकली जाते. तेव्हा बिनरबराची जोडी दाखवायला सांगा.

प्रश्न : पाण्याचा थेंब टाकून किंवा जाळून परीक्षा करावी का? (पुणे)

उत्तर : थेंब टाका, पण कानाच्या आतल्या, कच्च्या बाजूला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं थेंब हळूहळू पितं, तिथे गडद डाग पडतो आणि वाळल्यावर फिका होतो. रेक्झिनवर किंवा पीयूचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, मुलामा दिलेल्या चामड्यावर थेंब तसाच राहतो. वरच्या बाजूला तेल किंवा पॉलिश असतं, त्यामुळे तिथली परीक्षा फसवी ठरते.

जोडी जाळू नका. कारागिराकडे कातरण असेल तरच ते जाळून पाहा : चामडं केस जळाल्यासारखा वास देतं, प्लास्टिक वितळून गोळा होतं. मात्र यातून ते चामडं आहे एवढंच कळतं, कसं कमावलं ते नाही. त्यासाठी कापलेली कड पाहा. झाडसालीच्या कातड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, न रंगवलेल्या कातड्यात निळसर-राखाडी झाक दिसते.

करकर आवाजावर भरवसा ठेवू नये, तो मुद्दाम आणता येतो.

प्रश्न : निपाणी-अथणीकडची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकतात. ती नकली समजायची का? (सांगली)

उत्तर : मुळीच नाही. 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव वापरू देणारी सरकारी नोंद, आठ जिल्ह्यांचं आहे : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी ते मिळवलं. निपाणी आणि अथणी बेळगाव जिल्ह्यात येतात, आणि तिथल्या कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या या कामात गेल्या आहेत. त्यांच्या मालाला खोटं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. या आठ जिल्ह्यांबाहेर मशीनवर काढलेला माल या नावाने विकणं मात्र गैर आहे. 1999 च्या कायद्यानुसार खोटं मानांकन लावल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

महाराष्ट्राच्या महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, क्यूआर कोडही आणला आहे. तो स्कॅन केल्यावर कारागिराची आणि ठिकाणाची माहिती दिसायला हवी. कोड नुसता विक्रेत्याच्या पानावर नेत असेल तर तो पुरावा नव्हे. उलट, कोड नाही म्हणून जोडी खोटीच असंही नाही. कितीतरी चांगल्या कारागिरांची अजून नोंदणीच झालेली नाही.

प्रश्न : ऑनलाइन मागवताना काय पाहावं? (बंगळूर)

उत्तर : वर्णनात 'कोल्हापुरी स्टाइल', 'एथनिक' किंवा 'सिंथेटिक सोल' लिहिलं असेल तर ती कोल्हापुरी नव्हे. वरचा भाग आणि तळ कशाचा, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. तळाचा आणि कडेचा फोटो नसेल तर मागा. देत नसतील तर घेऊ नका. तीनशे रुपयांत हातशिलाईची, झाडसालीच्या कातड्याची जोडी बसत नाही. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि परतीची मुदत संपेपर्यंत चप्पल घरात स्वच्छ फरशीवरच घालून पाहा. तळ मळला की परत घेत नाहीत. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.