लहान बोटीवरील वाढीव उपकरणे : फ्यूज कुठे बसवावा आणि किती अँपिअरचा घ्यावा

लहान मोटरबोटीवर फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र), व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरून बोलण्याचा संपर्क रेडिओ), चार्जिंग सॉकेट आणि डेकवरचे एलईडी दिवे बसवून सगळ्यांच्या वायरी थेट बॅटरीच्या टोकांना जोडण्याचा तुमचा विचार आहे. प्रत्येक उपकरणासोबत फ्यूज आलेला असताना आणखी फ्यूज कशाला, असे तुम्ही विचारले आहे. उत्तर सविस्तर देतो, कारण पाण्यावर वायरिंगने पेट घेतला तर बाजूला होऊन उभे राहायला जागा नसते.

उपकरणाजवळचा फ्यूज त्याच्या पुढे काही बिघडले तरच उपयोगी पडतो. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरीचे रक्षण त्याच्याकडून होत नाही. समजा, ही धन वायर वाटेत एखाद्या ब्रॅकेटच्या धारेवर घासून उघडी पडली आणि ऋण वायरीला किंवा इंजिनाला टेकली, तर प्रवाह फ्यूजपर्यंत न जाता तिथूनच बॅटरीकडे परततो. साधी 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरीही अशा वेळी शेकडो अँपिअर देते आणि बारीक वायर काही सेकंदांत लाल होऊन आवरणासह जळू लागते. म्हणून फ्यूज वायरीच्या उगमाशी, म्हणजे बॅटरीकडच्या टोकाला हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-11 मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे 7 इंच, म्हणजे सुमारे 18 सेंटिमीटर ठेवले आहे. थेट बॅटरीच्या टोकाला जोडलेली वायर पूर्ण लांबीभर संरक्षक नळीतून नेली असेल, तर तेच मानक 72 इंचांपर्यंत सूट देते. पण बॅटरीच्या टोकावरच बसणारे फ्यूज मिळत असताना ही सूट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरीच्या टोकांवर चार-पाच लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या, एकावर एक चढवू नका. धन टोकावरून 10 चौरस मिलिमीटरची एकच वायर 40 अँपिअरच्या मुख्य फ्यूजमधून आणि मेन स्विचमधून फ्यूज बॉक्सपर्यंत आणा, तितक्याच जाडीची ऋण वायर शेजारच्या बस बारपर्यंत (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणा आणि प्रत्येक उपकरणाला तिथून स्वतंत्र जोडी द्या. ऋण जोडणी जवळ पडते म्हणून इंजिनाच्या बोल्टवरून किंवा धातूच्या सांगाड्यावरून घेऊ नका. भरकटलेल्या प्रवाहाने पाण्याखालचा धातू झपाट्याने खाल्ला जातो. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळात साचलेले पाणी बाहेर काढणारा पंप) स्वयंचलित जोडणी मात्र मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह घ्या, म्हणजे स्विच बंद करून बोट उभी ठेवली तरी पंप चालू राहील.

वायरीची जाडी ठरवताना बहुतेकांचा हिशेब चुकतो तो लांबीत, कारण जाणे आणि येणे दोन्ही धरावे लागते. 25 वॅटचा व्हीएचएफ रेडिओ बोलताना साधारण 6 अँपिअर घेतो. तो बॅटरीपासून 5 मीटरवर असेल, तर वायर 10 मीटर झाली. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्यात तेवढ्यात सुमारे 0.7 व्होल्ट गळतात, अडीचमध्ये 0.4 च्या आसपास आणि चारमध्ये 0.3 पेक्षा थोडे कमी. रेडिओ आणि दिशादर्शक दिव्यांसाठी घट 3 टक्क्यांच्या आत, म्हणजे 12 व्होल्टवर 0.36 च्या आत ठेवायची असते. तेव्हा इथे चारचीच वायर घ्यावी. ही वायर 10 अँपिअरपेक्षा कितीतरी जास्त सोसेल, तरी निर्मात्याने 10 चा फ्यूज सांगितला असेल तर 10 चाच बसवा. फिशफाइंडरच्या केबलीतील तारा बारीक असतात आणि त्याला अनेकदा 3 अँपिअरचाच फ्यूज सांगितलेला असतो. मागची वायर जाड ओढली, तरी फ्यूज पुढच्या सर्वांत बारीक तारेला सोसेल इतकाच हवा.

वायर बहुतारी आणि कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या. साध्या तांब्यात खारी ओल आवरणाखालून आत चढत जाते. वर्षभराने वायर सोलून पाहिली, तर टोकापासून बरेच आतपर्यंत तारा काळ्या पडलेल्या दिसतात. जोड क्रिम्पचे, म्हणजे धातूची नळी वायरीवर पक्कडीने दाबून केलेले, करा. डाख दिला की तो तारांमध्ये शिरून वायर तेवढ्या भागात ताठ होते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे इंजिनाच्या कंपनांनी तारा एकेक करून तुटतात. क्रिम्प केल्यावर हाताने जोरात ओढून पाहा. मग आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, दोन्ही कडांना गोंदाचा बारीक थेंब दिसेपर्यंत तापवा.

इंजिन किंवा टाकी पेट्रोलची असेल, तर तिथल्या बंदिस्त कप्प्यात साधा फ्यूज किंवा स्विच बसवू नका. तिथे ठिणगी बाहेर न पडू देणारी, इग्निशन प्रोटेक्टेड अशी खूण असलेलीच सामग्री चालते.

सर्व झाल्यावर इंजिन बंद ठेवून रेडिओचे बोलण्याचे बटण दाबा आणि ते दाबलेले असतानाच मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग रेडिओच्या मागे व्होल्टेज मोजा. फरक हिशेबापेक्षा जास्त आला, तर बटण दाबलेले ठेवूनच मीटरच्या दोन पिना एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना लावत जा. ज्या जोडावर एक-दोन दशांश व्होल्ट दिसतील, तो बाहेरून कितीही नीटनेटका वाटला तरी कापून पुन्हा करा.