वाचकांचे प्रश्न : मंडळीची वही, घरचा रस्सा

पाककृती मागणारी आणि देणारी पत्रे या सदराकडे वर्षभर येतात, परंतु नाताळ जवळ आला की त्यांची संख्या वाढते. या वेळी आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत. काही पत्रे लांबलचक होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : प्रभू येशूच्या नावात सलाम. आमच्या महिला मंडळाने मंडळीतील (म्हणजे आमच्या चर्चमधील) घरोघरच्या पाककृती गोळा करून त्यांची वही छापायचे ठरवले आहे. एका भगिनीने रममध्ये भिजवलेल्या फळांच्या केकची कृती दिली आणि मूळच्या गोव्याकडील दुसऱ्या भगिनीने सोरपोतेलची, म्हणजे डुकराचे मांस आणि रक्त घालून केलेल्या तिकडच्या आंबट-तिखट पदार्थाची. मंडळीच्या नावाने निघणाऱ्या वहीत दारू आणि रक्त नको, असे म्हणून वडीलधाऱ्यांनी भर सभेत दोन्ही कागद बाजूला काढले. दोघी दुखावल्या आहेत. वही तर निघायला हवी. आम्ही काय करावे?
— एक भगिनी, खडकी

उत्तर : वडीलधाऱ्यांची हरकत मला रास्त वाटते, भर सभेत कागद बाजूला काढणे मात्र रास्त वाटत नाही. घरात कोण काय शिजवतो हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग असला, तरी जी वही मंडळीच्या नावाने निघते आणि शाळकरी मुलीपासून नव्याने व्यसनातून बाहेर आलेल्या भावापर्यंत कोणाच्याही हाती पडू शकते, तिला थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात पौलाने हाच वाद हाताळला आहे, आणि तेथे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये असे दोन्ही बाजूंना सांगितले आहे. आपल्याकडे बहुधा त्यातली आपल्या सोयीची बाजू तेवढी वाचली जाते.

आता केकविषयी. भट्टीत गेल्यावर दारू उडून जाते, अशी समजूत बऱ्याच घरांत आहे. ती खरी नाही. भाजताना काही अंश उडतो, काही उरतोच, आणि केक तयार झाल्यावर वरून रम शिंपडली असेल तर ती जवळपास सगळीच उरते. त्यामुळे “चव तेवढी असते, नशा नसते” हा युक्तिवाद वडीलधाऱ्यांपुढे करू नये. त्यापेक्षा कृती बदलून द्यावी. अर्धा किलो सुका मेवा (काळ्या मनुका, बेदाणे, बारीक चिरलेला खजूर, संत्र्याच्या सालीचा मुरवलेला कीस, टुटीफ्रुटी) घेऊन त्यावर सुमारे २०० मिलिलिटर संत्र्याचा रस कोमट करून ओतावा आणि झाकून रात्रभर ठेवावा. रसाऐवजी दूध न घातलेला कडक चहा घेतला तरी चालतो, किंबहुना रंग त्याने अधिक गडद येतो. फरक एवढाच की रममधला मेवा महिनोन्‌महिने टिकतो, रसातला टिकत नाही. तो फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरलाच पाहिजे, आणि ही सूचना वहीत ठळक छापावी. नाताळच्या केकला जो काळसर रंग आणि किंचित कडवट गोडवा असतो तो रममुळे नव्हे, तर जळक्या साखरेमुळे येतो. जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवून गडद तपकिरी होऊ द्यावी, धूर दिसू लागताच गॅस बंद करावा आणि कडेने अर्धी वाटी कढत पाणी बेताबेताने घालावे. पाणी घालताना ती साखर जोरात उसळते, म्हणून तोंड लांब ठेवावे आणि लहान मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नये.

सोरपोतेलचा प्रश्न याहून सोपा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात रक्त वर्ज्य करण्याची सूचना आहे आणि अनेक कुटुंबे ती आजही अक्षरशः पाळतात. मात्र त्या पदार्थाचा जीव रक्तात नाही, तो व्हिनेगर, लाल मिरची आणि मुरण्यात आहे. आज कित्येक घरी रक्त न घालताच तो केला जातो. तेव्हा त्या भगिनीकडे कोणीतरी स्वतः जाऊन, तिच्याच हातची रक्ताविना कृती लिहून मागावी, आणि डुकराचे मांस असल्याचा उल्लेख शीर्षकाखालीच करावा, म्हणजे न खाणारा पान उलटून पुढे जाईल. हाच नियम सगळ्या वहीला लावा. जिन्नस स्पष्ट लिहिलेले असले की अर्धे वाद उद्भवतच नाहीत. जुन्या वह्यांमध्ये “मोठ्याचे मटण” (म्हणजे गाय, बैल किंवा म्हैस यांचे मांस) एवढेच लिहिलेले आढळते. महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने तेथे म्हशीचे मांस असे नेमके लिहिणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या हातच्या मटण रश्श्याची मंडळीत ख्याती आहे. कापणीच्या सणाला पन्नास माणसांचा स्वयंपाक त्याच करत आल्या. आता त्यांना उभे राहणे होत नाही आणि तो मान माझ्याकडे आला आहे. प्रमाण विचारले की त्या “अंदाजाने घालायचं गं” एवढेच म्हणतात. त्या लपवत नाहीत, त्यांना खरोखरच सांगता येत नाही. मी काय करू?
— एक सून, वानवडी

उत्तर : त्यांना विचारू नका, त्यांना घालू द्या. एखाद्या रविवारी घरच्यापुरता, म्हणजे किलोभर मटणाचा रस्सा त्यांच्या हातून करवून घ्या. त्या खुर्चीवर बसतील, ढवळायचे तुम्ही. मसाल्याचा डबा, तिखटाचा डबा, मिठाची बरणी आणि खोबऱ्याची वाटी हे सगळे स्वयंपाकाआधी काट्यावर तोलून कागदावर मांडा आणि स्वयंपाक झाल्यावर पुन्हा तोला. जेवढे वजन कमी झाले तेवढा त्यांचा अंदाज. त्यांच्या हाताला अडथळा होत नाही आणि तुम्हाला ग्रॅममध्ये माप मिळते. चमच्यापाशी अडवून “थांबा, मोजू द्या” म्हटले की जुन्या सुगरणीचा हात बिघडतो, हे ध्यानात ठेवा.

पडताळ्यासाठी एक साधारण प्रमाण देते. किलोभर हाडांसकट मटणाला चार मध्यम कांदे, १०० ग्रॅम सुके खोबरे, दोन चमचे खसखस, लसणाचा एक मोठा गड्डा, दोन इंच आले, मूठभर कोथिंबीर आणि घरचा काळा मसाला दोन ते तीन मोठे चमचे. मटणाला हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण चोळून अर्धा तास ठेवावे. मग थोड्या तेलावर परतून, कढत पाणी घालून शिजवावे. यातून निघणारे अळणी पाणी थोडे वाटीत काढून मुलांना आणि आजाऱ्यांना आधी द्यावे. निम्मा कांदा आणि खोबरे खरपूस भाजून, खसखशीबरोबर वाटून घ्यावे. उरलेला कांदा तेलात लालसर करून त्यात वाटण घालावे आणि तेल कडेने सुटेपर्यंत परतावे. येथे घाई केली की रस्सा कच्चट लागतो आणि मग कितीही उकळला तरी सुधारत नाही.

पन्नास माणसांसाठी आठ ते नऊ किलो मटण पुरते, भाकरी आणि भात दोन्ही असतील तर आठ किलोच पुरे. तांदूळ पाच किलो घ्यावे. कांदा, खोबरे, आले-लसूण सरळ गुणाकाराने वाढवता येते, पण मीठ, तिखट आणि पाणी नाही. मोठ्या पातेल्यात रश्श्याच्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून गुणाकाराने येणाऱ्या पाण्याच्या तीन चतुर्थांशच पाणी आधी घालावे. मीठ आणि तिखटही तेवढेच घालून शेवटी चाखून वाढवावे. पाणी प्रत्येक वेळी कढतच घालावे, नाहीतर तर्री बसते. आणि पहिल्या वर्षी कोणीतरी “सासूबाईंची सर नाही” असे म्हणणारच आहे. ते ऐकून सोडून द्यावे. लोक चवीइतकेच माणसालाही खात असतात.

प्रश्न : उपवासकाळात चमचमीत पाककृतींची देवाणघेवाण करणे योग्य आहे का? आमच्याकडे यावर दोन तट आहेत.
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे (ईस्टरपर्यंतचे) रविवार वगळले की चाळीस दिवस उरतात, आणि ते कसे पाळावेत याबाबत निरनिराळ्या मंडळ्यांची वहिवाट वेगळी आहे. माझे मत विचाराल तर त्या दिवसांत पोटभरीची, स्वस्त आणि बिनमांसाची कृती एकमेकींना देण्याइतके उपयोगी काम दुसरे नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला नुसत्या वरणभाताने भागत नाही. पुणे जिल्ह्यातली हुलग्याची शेंगोळी घ्या. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, ठेचलेला लसूण, जिरे, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट भिजवावे, हाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या कराव्यात आणि टोके जोडावीत. लसणाच्या फोडणीवर सहा-सात वाट्या पाणी उकळून त्यात एकेक सोडावी आणि वीसेक मिनिटे शिजू द्यावी. पाणी खळखळत असतानाच सोडावीत, अन्यथा ती विरघळून पिठले होते. खर्चातून वाचलेल्या पैशांचे काय करायचे, ते प्रत्येक घराने ठरवावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आमचे एकच ख्रिस्ती घर आहे. शेजारच्या काकू दिवाळीला फराळ देतात, गणपतीत प्रसादही आणतात. आमच्या मंडळीतील काहीजण म्हणतात की यातले काहीच घेऊ नये आणि नाताळात आपणही त्यांना काही पाठवू नये. मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.
— एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : करिंथकरांस पहिल्या पत्राचा १०वा अध्याय आपण शांतपणे वाचावा. विश्वासात नसलेल्या कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पुढे वाढलेले चौकशी न करता खावे. परंतु हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असा तेथला आशय आहे. त्या मापाने पाहता दिवाळीच्या डब्यातली चकली आणि नैवेद्याचा मोदक या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. फराळ आनंदाने घ्यावा. प्रसाद घ्यायचा नसेल तर ते काकूंना एकदा निवांत वेळी, त्यांच्या हातात ताट नसताना, गोडीने सांगावे. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातले ताट परत पाठवणे पुण्यातच काय, कोठेही शोभत नाही. बहुतेक काकू पुढच्या वर्षी नैवेद्याआधी तुमच्यासाठी चार मोदक वेगळे काढून ठेवतील.

एकमेकांकडे खाण्यापिण्यावरून या शहराने पूर्वी पुरेसे रामायण पाहिले आहे. १८९०मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह बरीच मंडळी गेली असता तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी ती नावे वर्तमानपत्रात छापवली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचून प्रायश्चित्ते घेण्यापर्यंत वेळ आली. तेव्हा बंद दार समोरच्या बाजूला होते. आज आपण होऊन ते आपल्या बाजूने लावण्यात कोणता धर्म साधतो, हे हरकत घेणाऱ्यांनी सांगावे.

नाताळात मात्र पाठवताना थोडा विचार करावा. काकू अंडे खात नसतील तर केकचा तुकडा पाठवून त्यांना संकोचात टाकू नये. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतातच. त्या वेगळ्या तेलात तळून, कशात तळल्या तेही सांगून पाठवाव्यात. काकूंचा डबा परत करायचा राहिला असेल तर त्यातूनच पाठवावे, रिकामा डबा परत द्यायचा नसतो.

प्रश्न : आमच्या प्रीतिभोजनाला औंधकडचे ॲडव्हेंटिस्ट पाहुणे येणार आहेत. वाढताना कोणती काळजी घ्यावी?
— एक कार्यकर्ता, क्वार्टर गेट

उत्तर : औंधमधल्या स्पायसर या ॲडव्हेंटिस्ट शिक्षणसंस्थेच्या परिसरामुळे पुण्यात त्या पंथाची कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळजण पूर्ण शाकाहारी असतात. जे मांसाहार करतात तेही बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या ११व्या अध्यायानुसार डुक्कर, कोळंबी, खेकडा आणि बिनखवल्याचे मासे वर्ज्य मानतात. तेव्हा एक मोठे पातेले मसूर-बटाट्याच्या रश्श्याचे ठेवा, त्याला मटणाचा डाव लागू देऊ नका, आणि त्यांच्यासाठी चहा-कॉफीऐवजी लिंबाचे सरबत करा. भोजन शनिवारी असेल तर त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होतो, त्यामुळे त्यांच्याकडून काही पदार्थ येणार असल्यास तो शुक्रवारी दुपारीच शिजलेला असेल. गरम करण्याची सोय तुमच्याकडे ठेवा. पाहुण्यांमुळे आपल्यालाही शाकाहार करावा लागेल अशी कुरकुर झाली, तर पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यावी. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी आपला शाकाहार सोडला नव्हता. रश्श्यात मसूर अर्धवट मोडू द्यावी आणि बटाटे मोठे ठेवावेत, म्हणजे पन्नास पानांवर वाढेपर्यंत त्यांचा लगदा होत नाही.