बॉडी की लेन्स? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : बेळगाव आणि आसपासच्या गावांत लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कॅनन १५००डी कॅमेरा, १८-५५ आणि ७५-३०० या दोन लेन्स एवढं सामान आहे. हळदीचे आणि रात्रीच्या वरातीचे फोटो दाणेदार येतात, शिवाय हललेले. साठ हजार बाजूला पडलेत. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घे, असं सगळे सांगतात. घेऊ का?
(एक वाचक, हलगा)

उत्तर : आत्ता नको. आधी बिघडलेले वीसेक फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाखालची माहिती वाचा. हळदीच्या फोटोंवर बहुधा ५५ मिमी, एफ/५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं जास्त उघडं), शटर १/६० सेकंद आणि आयएसओ ६४०० (उजेडाची संवेदना; वाढवली की दाणे वाढतात) दिसेल. १/६० ला हळद लावणारा हात हलणारच, आणि ६४०० ला १५००डी दाणे दाखवणारच. बोल बॉडीला लागतो, पण अडलंय ते एफ/५.६ वर. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स, म्हणजे तुमची १८-५५, पूर्ण झूम केली की तिचं तोंड त्याहून जास्त उघडत नाही.

आता त्याच जागी ५० मिमी एफ/१.८ लावा आणि एफ/२ वर ठेवा. ५.६ वरून २ म्हणजे तीन स्टॉप; एका स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे आठपट उजेड. त्यातला चौपट शटरला द्या, १/६० चं १/२५० होईल. उरलेला दुप्पट आयएसओला द्या, ६४०० चा ३२०० होईल. हात थांबला, दाणेही कमी झाले, आणि बॉडी तीच. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम अवघी १६० ग्रॅमची आहे आणि तुमच्या साठ हजारांतला फार थोडा भाग खाते.

उलट फुलफ्रेम बॉडीचं गणित मांडून बघा. तुमच्या सेन्सरपेक्षा तो सेन्सर अडीचपट मोठा, म्हणून कमी उजेडात साधारण सव्वा स्टॉपचा फायदा. पण बजेट बॉडीत संपलं की सोबत येते ती स्वस्त किट लेन्स. ईओएस आरपीबरोबर मिळणारी आरएफ २४-१०५ घ्या. ती लांबच्या टोकाला एफ/७.१ वर जाते. सव्वातला अर्ध्याहून जास्त फायदा तिथेच गेला. एवढे पैसे ओतून हातात उरला अर्धा-पाऊण स्टॉप.

पण ५० मिमी आणली की सगळं सुटलं असंही नाही. तिच्या दोन खोड्या आधीच माहीत असू द्या.

पहिली, जागा. तुमच्या बॉडीवर ५० मिमी ही ८० मिमीसारखी वागते. तीन मीटर मागे सरलात तरी आडव्या फ्रेममध्ये रुंदी मावते सुमारे १.३ मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत पाटावर नवरी, भोवती पाच सुवासिनी, आणि तुमची पाठ भिंतीला टेकलेली. नवरी आणि एक करवली येईल, बाकीच्यांचे नुसते हात. खोलीभर दिसायला १८-५५ परत लावावीच लागते.

दुसरी, फोकस. दोन मीटरवरून एफ/२ ला पुढून मागे स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम १२ सेंटिमीटर. नवरीच्या डोळ्यावर फोकस केला तर मागे ओणवलेली आई मऊ, म्हणजे अस्पष्ट येते. दोघं हवे असतील तर दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा, नाहीतर एफ/४ ला जा. १५००डीला ९ फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), म्हणून अंधारात मधल्यावरच भरवसा ठेवा. मात्र मधल्या पॉइंटवर फोकस धरून मग फ्रेम फार फिरवू नका. त्या फिरवण्यातच बारा सेंटिमीटरमधले चार-पाच जातात. फ्रेम थोडी सैल घ्या, कापायचं ते नंतर कापा. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी जागा असते.

लेन्सच्या आधी घ्यायची वस्तू खरं तर फ्लॅश. डोकं फिरवता येणारा, ऑटो टीटीएल असलेला, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून स्वतःच जोर ठरवणारा. कार्यालयात छत पांढरं असेल तर फ्लॅश वर वळवा, उजेड मऊ पडतो. मांडवात हे जमत नाही, कारण वर गुलाबी-पिवळं कापड ताणलेलं असतं आणि तोच रंग नवऱ्याच्या कपाळावर उतरतो. खानापूरकडच्या कौलारू घरांत तर वर काळवंडलेली कौलं, तिथून काहीच परत येत नाही. अशा घरात फ्लॅश बाजूच्या चुन्याच्या भिंतीवर मारा. भिंत निळी-हिरवी असेल तर एखाद्या पोराच्या हातात पांढरा थर्माकोल द्या आणि त्यावर मारा.

फोटोंवर आडवे काळपट पट्टे येत असतील तर तो दोष बॉडीचाही नाही, लेन्सचाही नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिटमिटतात आणि १/२५० ला त्यातला एखादा अंधार पकडला जातो. पट्टे दिसले की शटर १/१०० वर आणा. स्टेजवरच्या रंगीत पार लाइटचं मिटमिटणं वेगळ्या वेगाचं असतं. तिथे १/१०० नेही भागलं नाही तर फ्लॅशच मारावा लागतो.

तर साठ हजारांत आधी फ्लॅश, मग ५० मिमी, मग चांगल्या कंपनीची दोन कार्डं. उरलेल्यात वापरलेली सिग्मा किंवा टॅमरॉन १७-५० एफ/२.८ बसते का बघा. झूम केल्यावरही ती २.८ वरच राहते, म्हणजे ५५ च्या टोकाच्या एफ/५.६ पेक्षा चौपट उजेड, आणि १७ मुळे खोलीही मावते. पण दोन वर्षांत फुलफ्रेमवर जायचं नक्की असेल तर ही १७-५० टाळा. ती छोट्या सेन्सरची लेन्स आहे. फुलफ्रेम बॉडीवर चित्र कापून घ्यावं लागतं आणि हाती साधारण दहा मेगापिक्सेल राहतात. करिझ्मा अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पानावर एकच फोटो पसरायचा म्हटलं तर ते अपुरे पडतात. ५० मिमीला ही अडचण नाही. ती कॅननच्या ॲडॉप्टरने नव्या आरएफ (मिररलेस) बॉडीवर जशीच्या तशी चालते, ॲडॉप्टरमध्ये काचच नसते.

बॉडीची वेळ कधी येते? लग्नाचे पैसे घेताय आणि कॅमेऱ्यात कार्डाचा खाचा एकच आहे, तेव्हा. अक्षता पुन्हा पडत नाहीत. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारी बॉडी हे आमच्या मते बॉडी बदलण्याचं सर्वांत भक्कम कारण, मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोठं. तोवर मुहूर्त उरकला की कार्ड बदला आणि भरलेलं खिशात टाका, बॅगेत नको.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे. ओळखीच्याकडे निकॉनची जुनी एएफ ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. बॉडीतल्या मोटरने माउंटवरचा छोटा स्क्रू फिरतो आणि त्यावर ती चालते. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींत ती मोटरच नसते, म्हणून तुमच्याकडे हाताने रिंग फिरवत बसावं लागेल. पुढेमागे निकॉनच्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेलात तरी जुन्या लेन्स त्यावर लावायच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही ती मोटर नाही. नावात एएफ-एस असलेली ५० मिमी एफ/१.८जी शोधा. घरगुती फोटो जास्त काढत असाल तर एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी त्याहून बरी, तुमच्या बॉडीवर ती जवळजवळ ५० मिमीसारखी दिसते.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. महागडी लेन्स घेऊन असंच होणार असेल तर बॉडीवरच खर्च केलेला बरा ना?
(एक वाचक, जांबोटी)

उत्तर : ती बुरशी. तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीच असते, आणि आर्द्रता दिवसचे दिवस साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्स महाग-स्वस्त बघत नाही. बॉडीच्या व्ह्यूफाइंडरमध्येही बुरशी धरते, तेव्हा बॉडी घेऊन सुटका नाही.

रबरी पट्टीचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. फार खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. केशरी दाणे हिरवे पडले की ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा केशरी होतील. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे घेऊ नका. त्यांत कोबाल्ट असतं, स्वयंपाकघरात त्यांना जागा नाही. डब्यात डांबरगोळ्या नकोत, आणि लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

आत्ताची जाळी कडेला आणि पुसट असेल तर फोटोत कळणारही नाही, पण साफ करून घ्या. उशीर केला तर काचेवरचं कोटिंग खाल्लं जातं आणि मग बुरशी गेली तरी डाग राहतो. स्वतः स्क्रू काढू नका. काच केसभर तिरकी बसली तरी एक कोपरा कायमचा मऊ येतो.

प्रश्न : खानापूरच्या जंगलपट्ट्यात पक्ष्यांचे फोटो काढतो. माझ्याकडेही १५००डी आणि ७५-३०० आहे. इथेही लेन्सच आधी?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : बसलेल्या पक्ष्यासाठी हो. ७५-३०० ला हाताचा हलका कंप सावरणारा स्टॅबिलायझर (आयएस) नाही आणि ३०० च्या टोकाला ती मऊ पडते. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम थोडी आखूड असूनही कापून मोठा केलेला फोटो तिच्यावर जास्त स्वच्छ येतो. उडत्या धनेशासाठी मात्र उत्तर फिरतं. १५००डी सेकंदाला तीन फोटो काढते, तोवर पक्षी फांद्यांआड गेलेला असतो. कॅननचीच वापरलेली ७डी मार्क २ बॉडी सेकंदाला दहा काढते आणि तिचे ६५ च्या ६५ पॉइंट क्रॉस टाइप आहेत. तिथे आधी बॉडी. १५०-६०० लेन्सचा मोह आवरा. सिग्माची हलकी आवृत्तीसुद्धा १,९३० ग्रॅमची आहे, आणि दाट झाडीत एफ/६.३ वर सकाळी नऊपर्यंत उजेडच पुरत नाही. ती माळावरची आणि तलावाकाठची लेन्स.

प्रश्न : कोल्हापूरला जाऊन वापरलेली लेन्स घेणार आहे. दुकानात काय तपासू?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : स्वतःची बॉडी, टॉर्च आणि वर्तमानपत्राचं पान सोबत न्या. दोन्ही टोपणं काढून मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण चालतील. जाळी किंवा दुधी धुरकटपणा दिसला तर परत द्या. मग पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा अगदी समोर आणि समांतर धरा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ आला तर पुन्हा एकदा नीट समांतर धरून काढा. तरीही तोच कोपरा मऊ असेल तर आतली काच तिरकी आहे, लेन्स बहुधा कधीतरी पडलेली किंवा उघडलेली आहे. शेवटी एफ/११ वर डेप्थ ऑफ फील्डचं बटण (लेन्सच्या तोंडाची पाती मिटवणारं) दाबून आत बघा. तुमच्या बॉडीला ते बटण नसेल तर चार सेकंदांचं शटर लावा आणि तेवढ्या वेळात पुढून बघा. पाती लगेच मिटली पाहिजेत आणि कोरडी दिसली पाहिजेत. पात्यांवर तेल चमकलं तर किंमत कितीही खाली आली तरी घेऊ नका.