रिपोर्टच्या आधी एक फोन

प्रिय डॉक्टर,

परवा रात्री दीडला तुझा मेसेज आला. लांबच्या सेंटरचे स्कॅन वाचायच्या वर्कलिस्टमध्ये अजून ३८ केसेस, केसमागे मिळणारे पैसे तुटपुंजे, आणि एआय आलं की तेही जाणार. तर सर, रेडिओलॉजी ही शाखा सोडू का? सोडायची तर सोड. पण आधी सांग, त्या रात्री तू फोन किती केलेस?

माझा अंदाज, एकही नाही.

एआयचं लवकर उरकतो. रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, असं एआयच्या जनकांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०१६ मध्ये म्हणाले होते. त्यानंतर तू एम.डी. झालीस आणि तुला रात्रीची झोप मिळत नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाची चाळणी सॉफ्टवेअरने करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. छान झालं, करू दे चाळणी. फोन मात्र तुलाच करायचाय.

आता माझं ऐक. तेव्हा आम्ही फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावून वाचायचो. ७२ वर्षांचे एक आजोबा, सीटी ब्रेन, फॉर्मवर एकच शब्द : डोकेदुखी. मेंदूची मध्यरेषा जागेवर, रक्त कुठे दिसेना. मी ‘नॉर्मल’ लिहिलं आणि खाली सवयीने ‘क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड’, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी तुम्हीच ताडून बघा. त्या वयाला मेंदू इतका भरलेला, वळ्या इतक्या दाबलेल्या, हे मला खटकलं होतं गं. खटकूनही पुढची फिल्म लावली. दोन-तीन आठवड्यांचं रक्त सीटीत मेंदूच्याच रंगाचं दिसतं. दोन्हीकडे सारखं साचलं तर मध्यरेषाही हलत नाही. आजोबा पंधरा दिवसांपूर्वी गोठ्यात घसरून पडले होते. वॉर्डातल्या डॉक्टरला ते ठाऊक होतं. वॉर्ड एक जिना वर, आणि फोन माझ्या कोपरापाशी. तिसऱ्या दिवशी ते बेशुद्ध झाले. कवटीला भोकं पाडून रक्त काढलं, वाचले. त्यांच्या मुलासमोर मला मान वर करता आली नाही.

म्हणून लांबून वाचल्यामुळे चुका होतात असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी एका जिन्यावरून चुकलो! पॅक्स, म्हणजे फिल्मऐवजी कुठूनही स्क्रीनवर स्कॅन बघायची यंत्रणा, आणा म्हणून विश्वस्तांशी वर्षभर भांडणारा मीच होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचा फोटो टाकून ‘जरा बघा’ म्हणणाऱ्यांना मी आजही मूळ डायकॉम, म्हणजे मशीनमधली स्कॅनची अस्सल फाइल, मागतो. सीटीत करड्या रंगाच्या ४०९६ पायऱ्या, फोटोत फार तर २५६, आणि विंडो, म्हणजे कुठल्या छटा उठून दिसाव्यात ते, बदलून बघायची सोयच नाही. पण ते मागायलाही फोनच करावा लागतो ना?

फोन करत बसले तर केसेस कमी होतील, म्हणशील. होतील. माझ्याही झाल्या. एका सेंटरने ‘रिपोर्टला उशीर होतो’ म्हणून मला काढूनच टाकलं. त्यात तत्त्व किती आणि हेकटपणा किती, हे बायको अधूनमधून विचारते. मी चहा मागतो.

सगळ्यांना फोन कर असं मी म्हणत नाही. जिथे खटकलं तिथे कर. वय आणि चित्र जुळत नाही, फॉर्मवर एकच शब्द आहे, जुनी फिल्म असल्याचा वास येतोय, तिथे कर. आणि तुझ्या टेम्प्लेटमधली ती कोरिलेशनची ओळ आजच उडव. फोन न केल्याची ती आपण लिहून दिलेली कबुली असते.

तू वाचतेस त्या सेंटरच्या रात्रपाळीच्या टेक्निशियनचा नंबर आहे का तुझ्याकडे? नसणारच. आज शिफ्ट सुरू व्हायच्या आत मागून घे, आणि घेतलास की मला कळव.

तुझा,
सर