दार बंद, चाक चालू

चि. ...,

अनेक उत्तम आशीर्वाद.

छपराच्या दुरुस्तीसाठी तुझे जुन्या वाफेच्या इंजिनाचे वारसा केंद्र आठ महिने बंद ठेवण्याचा तुझा चार पानी आराखडा दोनदा वाचला. त्यांतली तीन पाने सूचनाफलक, आगाऊ तिकिटांचा परतावा आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर यांतच खर्ची पडली आहेत. फलकावर कारण लिही. पण छप्पर उघडून पाहिल्याशिवाय कंत्राटदारालाही सांगता येणार नाही अशी पुन्हा उघडण्याची तारीख लिहू नकोस. तो विषय एवढ्यातच संपतो. इंजिनघराविषयी मात्र तू एकच ओळ लिहिलीस, ‘यंत्रे झाकून ठेवली जातील’, आणि ती वाचून मला तुझा राग आला.

अरे, यंत्र नुसते झाकायचे नसते, फिरवायचे असते. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते, आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. म्हणून हवा खेळेल असे कापड घाल आणि शेजारी आर्द्रतामापक ठेव. बॉयलर एक तर पूर्ण कोरडा करून आत ओल शोषणारे सिलिका जेल ठेव, नाही तर प्रक्रिया केलेल्या पाण्याने काठोकाठ भर. अर्धवट भरलेला बॉयलर पाण्याच्या रेषेवरच कुरतडला जातो. आणि दर आठवड्याला, आधी तेल देऊन, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, भोकात पहार घालून ते चाक हाताने फिरवलेच पाहिजे, आणि प्रत्येक वेळी ते नव्या जागी थांबवले पाहिजे.

आमच्याकडे हे काम एक निवृत्त इंजिनचालक करत. चाक थांबले की ते त्याच्या कडेवर खडूने रेघ ओढत. आमचे केंद्र बंद झाले तेव्हा खर्च कमी करण्यासाठी मी प्रथम त्यांचे मानधन थांबवले. अकरा महिन्यांनी इंजिनघर उघडले, तेव्हा दट्ट्याच्या (पिस्टनच्या) कड्या सिलिंडरला घट्ट धरून बसल्या होत्या आणि खडूची शेवटची रेघ जिथल्या तिथे होती. छपराचे देयक थकलेले, विश्वस्त दररोज हिशेब मागणारे. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने तेच केले असते, असे मला आजही वाटते. (पहार धरायला मी स्वतः जाऊ शकलो असतो, हेही खरे. गेलो नाही.)

तेव्हा माणसे कमी करण्याची जी यादी तू जोडली आहेस, तिच्यातून चालकाचे नाव आधी खोड. रशियातील निझ्नी तागील येथे 2003 साली स्वीकारलेल्या औद्योगिक वारशाच्या सनदेतही जुन्या प्रक्रियांमागचे मानवी कौशल्य, एकदा गेले की भरून न येणारे, काळजीपूर्वक नोंदवून पुढच्या पिढीकडे सोपवावे, असे म्हटले आहे. बंदीचे आठ महिने त्यासाठीच वापर: त्यांच्या शेजारी एक शिकाऊ उभा कर आणि ते तेल कुठे, किती आणि का देतात ते लिहून घे. प्रेक्षक नसताना असा निवांतपणा मिळतो, तो पुन्हा मिळत नाही.

बाकीचे तुला जमेल. वास्तू रिकामी राहणार हे विमा कंपनीला आधी लेखी कळव; साचलेल्या पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून नळ दर आठवड्याला वाहते कर; अग्निसूचक यंत्रणेची वीज तोडू देऊ नकोस. पण चाक फिरले पाहिजे. उद्या सकाळी पहार कुठे ठेवली आहे ते शोध आणि सापडली की मला कळव.